पहिला संशोधन प्रकल्प: बीएस्सीच्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी

बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या बहुतेक मुलामुलींच्या डोक्यात एक क्रम पक्का बसलेला असतो: आधी एमएस्सी, मग नेट, मग गाईड आणि शेवटी विषय. हा क्रम पीएचडीच्या प्रवेशाचा आहे, संशोधनाचा नाही. भौतिकशास्त्र, भूशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांत पहिलं खरं काम पदवीच्या काळात करता येतं, तेही तालुक्याच्या कॉलेजात बसून. त्यासाठी आपल्या आवाक्यातला एक छोटा प्रश्न हवा आणि जे दिसलं तेवढंच लिहायची सवय हवी. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

पहिल्या प्रकल्पांची शीर्षकं बघा: ‘दख्खनच्या पठाराचा भूशास्त्रीय अभ्यास’, ‘अविभाज्य संख्यांचे गुणधर्म’, ‘सौरऊर्जेचा अभ्यास’. यातल्या एकाही शीर्षकात प्रश्न नाही. प्रश्न असेल तर त्याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’, एखादा आकडा किंवा एखादी सिद्धता असं येऊ शकतं. ‘घाटातल्या या एका कापात (रस्त्यासाठी कापलेल्या खडकाच्या भिंतीत) खालून वर जाताना खडकातल्या पोकळ्यांचं प्रमाण कसं बदलतं?’ हा प्रश्न झाला. चार दिवसांच्या कामात त्याचं उत्तर मिळेल, आणि ते चूक निघालं तर चूक आहे हेही कळेल.

एक साधी कसोटी ठेवा. प्रश्न दोन वाक्यांत लिहा आणि खाली लिहा, ‘हे कळण्यासाठी मी अमुक मोजणार.’ त्या ‘अमुक’च्या जागी काही सुचत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे.

गणित: एका पानाची सिद्धता

गणितात संशोधन म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याकडे एक घरचंच उदाहरण आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या प्रसिद्ध केली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. ही गंमत शाळेतच ऐकलेली असते, पण ‘असं का होतं?’ हे फार थोडे विचारतात.

चार अंकांऐवजी तीन अंक घ्या आणि ते स्वतः सोडवा. समजा, सर्वांत मोठा अंक क, मधला ख आणि सर्वांत लहान ग. उतरत्या क्रमातली संख्या १००क + १०ख + ग, चढत्या क्रमातली १००ग + १०ख + क. वजाबाकी केली की ख उडून जातो आणि उरतं ९९ × (क − ग). म्हणजे हजारभर संख्यांचा प्रश्न एका झटक्यात नऊ शक्यतांवर आला, कारण क − ग हा फरक १ ते ९ पैकीच काहीतरी असणार. हा फरक ‘फ’ म्हणा. ९९ × फ या उत्तराचे अंक आहेत फ − १, ९ आणि १० − फ. त्यातला सर्वांत मोठा अंक नेहमी ९. म्हणून पुढचा फरक येतो १० − फ आणि फ − १ यांपैकी जो मोठा असेल तो. आता नऊही किमती तपासा: ९ वरून ८, ८ वरून ७, ७ वरून ६, ६ वरून ५, आणि ५ वरून पुन्हा ५. १ वरून थेट ९ वर उडी, २ वरून ८, ३ वरून ७, ४ वरून ६. सगळ्या वाटा ५ ला येऊन थांबतात, आणि ९९ × ५ = ४९५. जास्तीत जास्त सहा वजाबाक्या लागतात. सिद्धता संपली.

संशोधन इथून सुरू होतं. हेच दशमानाऐवजी अष्टमानात, म्हणजे फक्त ० ते ७ हे आठ अंक वापरून, केलं तर? नवमानात केलं तर? वरची युक्ती जशीच्या तशी चालते. पाया सम असेल तर एकच स्थिर संख्या मिळते, विषम असेल तर फरक दोन किमतींमध्ये आलटून पालटून फिरत राहतो. हे उत्तर मी सांगून टाकलं, पण त्याची सिद्धता तुम्ही लिहा. मग दोन अंकांकडे वळा: तिथे स्थिर संख्याच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र आहे. पाच अंकांतही स्थिर संख्या नाही, वेगवेगळी चक्रं आहेत. पायथनमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम लिहून सहा, सात, आठ अंकांची यादी काढा आणि त्या यादीत आकृतिबंध शोधा. यातलं बरंचसं आधी कुणीतरी केलेलं असेल, त्याने खट्टू होऊ नका. पूर्णांकांच्या क्रमिकांचा जो ऑनलाइन कोश नील स्लोन यांनी उभा केला, त्यात आपली क्रमिका टाकून बघितली की आधीच्या कामाचा माग लगेच लागतो.

आणखी पुढे जायचं तर उन्हाळ्यात एमटीटीएस हे गणिताचं शिबिर असतं. १९९३ पासून चालू असलेल्या या शिबिरात शिक्षक उत्तर सांगत नाहीत, फळ्यापाशी बोलावून तुमच्याकडूनच काढून घेतात. ज्याला गणितात राहायचं आहे त्याने त्याचा अर्ज चुकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यातल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानच्या व्याख्यानांवर आणि कार्यशाळांवरही लक्ष ठेवा.

भौतिकशास्त्र: आकड्याआधी त्रुटी

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ‘ग’ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत ९.८ च्या जवळ आली की मार्क मिळतात, म्हणून आपण आकडा जुळवायला शिकतो. संशोधनात ही सवय पहिल्या दिवशी सोडावी लागते.

साधा लंबक घ्या. दोरी एक मीटर, वीस आंदोलनांना साधारण ४० सेकंद. स्टॉपवॉच चालू-बंद करताना माणसाचा हात सहज ०.२ सेकंद इकडेतिकडे होतो, म्हणजे आंदोलनकाळात ०.५ टक्के त्रुटी. सूत्रात आंदोलनकाळाचा वर्ग आहे, त्यामुळे ‘ग’मध्ये ती १ टक्का होते. तुमचं उत्तर ९.८ ± ०.१ आहे, कॅल्क्युलेटरवर ९.८१३४ दिसलं तरी. शंभर आंदोलनं मोजली तर वेळेची त्रुटी पाचपटीने कमी होते. मग दोरीच्या लांबीतला एक मिलिमीटर डोकं वर काढतो. तोही सांभाळला तर कंपविस्तार आडवा येतो: लंबक १० अंशांवरून सोडला असेल तर आंदोलनकाळ जवळजवळ ०.२ टक्क्यांनी वाढतो. एक त्रुटी आवरली की तिच्यामागची दिसते, आणि कोणती आधी आवरायची हे ठरवणं हेच प्रयोगातलं खरं काम.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. कोकणातल्या समुद्रकाठच्या गावात आणि महाबळेश्वरात ‘ग’ वेगळा आहे, पण फरक मीटर प्रति सेकंद वर्गाच्या काही सहस्रांशांचा. आपल्या लंबकाला तो दिसणार नाही. गुरुत्वमापी नावाचं उपकरण याहून कितीतरी बारीक फरक टिपतं, आणि भूभौतिकशास्त्रज्ञ त्यावरून जमिनीखालच्या खडकांची घनता ताडतात. प्रकल्पाचा प्रश्न निवडताना आधी विचारा, ‘मला जो फरक शोधायचा आहे तो माझ्या त्रुटीपेक्षा मोठा आहे का?’ नसेल तर प्रश्न बदला किंवा उपकरण बदला. हा हिशेब प्रयोग सुरू करण्यापूर्वी कागदावर करायचा असतो.

भूशास्त्र: घाटातला एक दिवस

इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्रात राहणाऱ्याला प्रयोगशाळा दाराशी मिळालेली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. त्याच्या थरांच्या गटांना दिलेली नावं वाचली तर एसटीचा फलक वाचल्यासारखं वाटतं: जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एक इशारा आत्ताच: हे गट मुख्यतः रासायनिक पृथक्करणावरून ओळखले जातात. रस्त्यावर उभं राहून ‘हा आंबेनळीचा थर’ असं वहीत लिहू नका. ‘राखाडी-काळा, बारीक कणांचा, पोकळ्या असलेला बेसाल्ट’ एवढंच लिहा.

काम पावसाळ्यानंतर, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत ठेवा. पावसाळ्यात दरडी येतात आणि गवताने काप झाकले जातात. एकट्याने जाऊ नका, वळणावरचा काप निवडू नका, भडक रंगाचं जाकीट घाला. सोबत भूशास्त्राचा हातोडा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, होकायंत्र-नतिमापक, मोजपट्टी, नमुन्यांच्या पिशव्या, न पुसलं जाणारं मार्कर आणि ड्रॉपरच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तयार करून आणा. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. फोडताना गॉगल डोळ्यांवर हवाच.

पोचल्यावर हातोडा पिशवीतच राहू द्या. आधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पूर्ण काप बघा आणि वहीत त्याचं चित्र काढा. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, पण त्यावर मोजपट्टीचं प्रमाण आणि तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहात ते हवं. फोटो चित्राची जागा घेत नाही. चित्र काढताना डोळ्याला ठरवावं लागतं की रेषा कुठे आहे, कॅमेऱ्याला ते ठरवावं लागत नाही.

आता थर शोधा. एका लाव्हाप्रवाहाचा मधला भाग सहसा घट्ट असतो, कधी त्यात उभे स्तंभ दिसतात. वरचा भाग पोकळ्यांनी भरलेला असतो, कारण वायूचे बुडबुडे वर चढून तिथे अडकले. दोन प्रवाहांच्या मध्ये अनेकदा विटेसारखा लाल मातकट पट्टा असतो, त्याला रेड बोल म्हणतात. त्याच्या खाली एक प्रवाह संपला आणि वर दुसरा सुरू झाला. पोकळ्यांत पांढरी खनिजं दिसतील. त्यावर आम्लाचा थेंब टाका: फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही आणि चाकूने ओरखडा उठला तर झिओलाइट असण्याची शक्यता मोठी, चाकूलाच दाद देत नसेल तर क्वार्ट्झ.

आता मोजमाप. खडकाच्या सपाट भागावर खडूने १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन आखा आणि त्यातल्या पोकळ्या मोजा, सर्वांत मोठ्या पाचांचा व्यास लिहा. दर अर्ध्या मीटर उंचीला हेच करा. हात पोचेल तिथपर्यंतच, वर चढू नका. संध्याकाळी उंची विरुद्ध पोकळ्यांची संख्या असा आलेख काढला की पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर असेल. होकायंत्र वापरताना एक काळजी घ्या: बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि खडकाला चिकटून धरलेल्या होकायंत्राची सुई भरकटते. दोन पावलं मागे येऊन वाचा, आणि तीच दिशा दुसऱ्या जागेवरून पडताळा.

वहीतली एक नोंद साधारण अशी दिसावी: ‘थांबा ३. सकाळी १०.४०. जीपीएस अमुक. रस्त्याच्या पूर्वेकडचा काप, उंची अंदाजे ८ मी. तळाशी घट्ट बेसाल्ट २.५ मी. (तळ दिसत नाही). त्यावर पोकळ्यांचा भाग १.८ मी., पोकळ्या आडव्या लांबट. वर लाल पट्टा ३० ते ४० सेंमी. नमुना ३अ लाल पट्ट्याखाली २० सेंमीवरून. शंका: लाल पट्टा सलग आहे की घसरलेली माती? उजवीकडे तपासणे.’ ती शेवटची शंका लिहायला विसरू नका. घरी आल्यावर तीच सर्वांत उपयोगी पडते. नोंद चुकली तर एक आडवी रेघ मारा, खोडरबर वापरू नका.

अभयारण्यात वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय नमुना घ्यायचा नाही. लेणी, किल्ले, संरक्षित स्मारकं यांवर हातोडा कधीच चालवायचा नाही. लोणारला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. बेसाल्टमध्ये अशनीच्या आघाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. तिथे बघायचं, चित्र काढायचं, फोटो घ्यायचा आणि दगड तिथेच ठेवून यायचं. नकाशांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश संकेतस्थळ उघडा, भूशास्त्रीय नकाशे तिथे मिळतात.

साधनं नसतील तर दुसऱ्याची निरीक्षणं वापरा

जगातल्या उत्तम उपकरणांची निरीक्षणं आज फुकट मिळतात. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिच्या १५० मेगाहर्ट्झच्या आकाश-सर्वेक्षणाचे नकाशे सर्वांना खुले आहेत आणि ते कसे वाचायचे हे रॅड-अ‍ॅट-होम या उपक्रमात शिकवलं जातं.

भूकंपांच्या याद्याही खुल्या आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ मॅग्निट्यूडच्या भूकंपाने हादरलेला कोयनेचा परिसर आजही अधूनमधून हलतो, आणि जलाशयाशी निगडित भूकंपांचं ते जगभर अभ्यासलं जाणारं ठिकाण आहे. एखाद्या प्रदेशाची यादी घ्या, ३ पेक्षा मोठे किती, ४ पेक्षा मोठे किती, ५ पेक्षा मोठे किती ते मोजा आणि संख्येच्या लॉगरिदमचा आलेख काढा. मॅग्निट्यूड एकाने कमी झाली की भूकंप साधारण दहापट होतात, म्हणजे आलेख जवळपास सरळ रेषा येतो. डाव्या टोकाला मात्र रेषा वाकून सपाट होत जाईल. तिथे निसर्गाने नियम मोडलेला नाही. अगदी छोटे भूकंप दूरच्या यंत्रांना ऐकूच आले नाहीत, म्हणून यादीत ते कमी आहेत. दुसऱ्याची निरीक्षणं वापरताना ‘यात काय टिपलं गेलं नसेल?’ हा प्रश्न कायम जवळ ठेवा.

शोधनिबंध वाचायचा कसा

पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायला गेलात तर तिसऱ्या परिच्छेदात गाडी अडेल. आधी शीर्षक आणि सारांश, मग सगळ्या आकृत्या आणि त्यांखालची वाक्यं, मग निष्कर्ष. एवढ्यावर थांबून स्वतःच्या भाषेत, मराठीतच, तीन ओळी लिहा: काय विचारलं, काय मोजलं, काय मिळालं. जमलं तरच आत शिरा.

भौतिकशास्त्र आणि गणिताचे निबंध १९९१ पासून चालू असलेल्या अर्काइव्ह या साठ्यावर फुकट असतात. खगोलशास्त्राला नासाची एडीएस ही सूची आहे. भारतीय पीएचडी प्रबंध शोधगंगेवर वाचायला मिळतात. नवख्याला प्रबंधाचं पहिलं प्रकरण निबंधापेक्षा जास्त उपयोगी, कारण त्यात आधीच्या कामाचा आढावा सविस्तर असतो. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर ग्रंथपालांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना हजारो नियतकालिकं त्यातून खुली झाली आहेत, आणि कितीतरी विद्यार्थ्यांना याचा पत्ताच नाही.

मार्गदर्शकाला पत्र

आधी आपल्या कॉलेजातले सर-मॅडम. पीएचडी झालेली, कामाची आवड असलेली एक तरी व्यक्ती बहुतेक विभागांत असते, तिला तासानंतर भेटा. बाहेरच्या प्राध्यापकांना लिहायचं तर पन्नास जणांना एकच मेल ढकलू नका, ते पहिल्या ओळीत ओळखू येतं. चार-पाच जण निवडा, प्रत्येकाचा एक तरी निबंध वाचा आणि असं काहीतरी लिहा:

‘आदरणीय सर, मी तृतीय वर्ष बीएस्सी भूशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या गावाजवळच्या घाटात मी एका लाव्हाप्रवाहातल्या पोकळ्यांची मोजणी केली आहे, आलेख सोबत जोडला आहे. वरच्या दीड मीटरमध्ये संख्या एकदम वाढते. पण मध्येच एक पोकळ्यांचा पट्टा आहे, त्याचा अर्थ मला लागत नाही. आपल्या निबंधातल्या तिसऱ्या आकृतीत असाच पट्टा दिसतो. यावर पुढे काय वाचावं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे सहा आठवडे काम करता येईल का, हे कळवावं ही विनंती.’

एवढंच. गुणपत्रिका मागितल्यावर द्या. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्र आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. उत्तर न येण्यामागे बहुतेक वेळा भरलेली मेलपेटी असते, राग नसतो.

दारं कुठे आहेत

भारतातल्या विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर भरावा लागतो, आणि एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांची संधी तिथेच जाते. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, दोघांचाही सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची आविष्कार स्पर्धाही सोडू नका. तिथे परीक्षक उभ्या उभ्या प्रश्न विचारतात, आणि ‘हे मी मोजलेलं नाही’ असं सांगायचं धैर्य तिथेच येतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचं चौथं वर्ष संशोधनासह करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. पुढे पीएचडीच्या टप्प्यावर नेट, गेट, जेस्ट या परीक्षांखेरीज बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. आपण कोणत्या योजनेत बसतो हे आधीच बघून जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअरची तारीख तपासून ठेवा. कागदाअभावी हुशार मुलं मागे पडतात, याचं फार वाईट वाटतं.

छापण्याची घाई

काम झालं की कुणीतरी सांगेल, ‘दोन हजार भरा, आठवड्यात पेपर छापून देतो.’ नकार द्या. जिथे कुणी परीक्षण करत नाही तिथे छापलेला निबंध पुढे मुलाखतीत अडचणीचा ठरतो. मान्य नियतकालिकांची युजीसीची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता अधिकच आपल्यावर आहे. संपादक मंडळातले लोक खरोखर त्या विषयात काम करतात का, तुम्ही वाचलेल्या चांगल्या निबंधांच्या संदर्भसूचीत ते नियतकालिक येतं का, एवढं बघा आणि मार्गदर्शकांना विचारा.

पहिल्या प्रकल्पासाठी आठ-दहा पानांचा अहवाल पुरेसा आहे. त्यात प्रश्न, पद्धत, सगळे आकडे (न जुळलेलेही), त्रुटींचा हिशेब आणि उरलेल्या शंका येऊ द्या. दुसऱ्याचं वाक्य, आकृती किंवा आकडा घेतला असेल तर तिथल्या तिथे नाव द्या. कच्ची वही, आकड्यांची फाइल आणि प्रोग्राम यांची एक प्रत विभागात ठेवा, म्हणजे पुढच्या बॅचमधलं कुणी तुमच्याच कापापाशी जाऊन तोच चौकोन पुन्हा मोजू शकेल.